पन्हाळ्याच्या फलकांना अक्षर कोणते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले आणि त्या बारांमध्ये आपला पन्हाळा आहे. गडावर, गडाच्या वाटेवर आणि कोल्हापूर शहरात आता नवे नामफलक, दिशाफलक आणि माहितीफलक लागत राहणार, हे उघड आहे. त्या फलकांवर काय लिहावे, हे इतिहासाचे अभ्यासक ठरवतील आणि ते त्यांनीच ठरवावे. परंतु ते कोणत्या अक्षरात लिहावे, हा प्रश्न मात्र आजवर फलक छापणाऱ्याच्या मर्जीवर सोडला गेला आहे. मी शाहूपुरीत छपाईचा छोटा व्यवसाय करतो. खिळ्यांची जुळणी, ऑफसेट आणि नंतर संगणकावरची अक्षरजुळणी अशी तिन्ही कामे हाताखालून गेल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

निमित्त असे घडले की, आपल्याच भागातील एका जुन्या वास्तूपाशी लागलेला माहितीफलक मध्यंतरी वाचण्यात आला, किंबहुना वाचता आला नाही. मजकूर चांगला होता, लिहिणाऱ्याने मेहनत घेतली होती, फलकाचा दगडही दर्जेदार होता. पण वीसेक ओळींचा तो सगळा मजकूर सुलेखनी वळणाच्या, फटकाऱ्यांच्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, लावलेला होता. एका ओळीतील ‘पूर्वी’ या शब्दाचा ऊकार खालच्या ओळीतील ‘किल्ल्याची’ या शब्दाच्या वेलांटीत शिरला होता, अनुस्वार कुठल्या ओळीचा हे कळत नव्हते आणि ‘अंबाबाई’ हे नाव दोन पावले मागे सरकताच ‘अंवावाई’ असे दिसत होते, कारण जाड फटकाऱ्याने ब च्या पोटातली तिरकी रेघ बुजून गेली होती. माझ्यासमोर दोन कुटुंबे आली, फलकासमोर उभे राहून त्यांनी छायाचित्रे काढली आणि एकही ओळ न वाचता ती पुढे गेली. तो फलक कोणी लावला, हे सांगण्यात अर्थ नाही. तशीच चूक आज सर्वत्र होते आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, सुलेखनी टंक हा नावासाठी असतो, मजकुरासाठी नसतो. एक शब्द, दोन शब्द, फार तर एक छोटी ओळ आणि तीही मोठ्या आकारात, हे त्याचे क्षेत्र. खासबागेच्या मैदानात कुस्ती लागली की हलगी हवीच. पण तीच हलगी वाचनालयात वाजवली तर दोष हलगीचा नसतो. सुलेखनी टंकाची आज जी उधळपट्टी चालली आहे, तिने मजकूर वाचला जात नाही आणि त्या टंकाची शोभाही राहत नाही.

हा टंक असा का वागतो, हे समजून घेण्यासाठी त्याचे मूळ पाहिले पाहिजे. देवनागरीचे जाड-बारीक हे बोरूने, म्हणजे काडी छाटून केलेल्या लेखणीने, ठरवले. बोरूचे टोक सरळ छाटत नाहीत, तिरके छाटतात. आणि रोमन लिपीसाठी लेखणीचा छाट ज्या बाजूला असतो, त्याच्या उलट बाजूला देवनागरीच्या बोरूचा छाट असतो. त्यामुळे रेघ एका दिशेला गेली की भरते आणि दुसऱ्या दिशेला गेली की निमुळती होते, आणि हे भरणे-निमुळते होणे प्रत्येक अक्षरात एकाच नियमाने येते. ज्याने टंक घडवताना हा नियम पाळला, त्याचे अक्षर मराठी डोळ्याला आपले वाटते. ज्याने इंग्रजी सुलेखनाची निब डोळ्यांसमोर ठेवून देवनागरी काढली, त्याच्या अक्षरात वाचकाला कारण न सांगता येणारे काहीतरी खटकत राहते. मराठी छपाईच्या आरंभकाळी हे वळण थेट कागदावर उतरत असे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत छापलेले पंचांग शिळाप्रेसवरचे होते, म्हणजे हाताने लिहिलेले अक्षर दगडावरून जसेच्या तसे छापले गेले. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने खिळ्यांमध्ये ते वळण इतके नेटके उतरवले की, बोरूची आठवण राहिली आणि वाचनात अडथळाही उरला नाही. पण तो मजकुराचा टंक होता. त्यात हाताचे चिन्ह अंगात मुरलेले होते, ते अंगावर मिरवलेले नव्हते. सुलेखनी टंकात हात समोर येऊन उभा राहतो, आणि त्याने तसे उभे राहावे, हेच त्याचे काम आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कागदावर केलेले सुलेखन हे एकदाच घडते. शीर्षकासाठी केलेले अक्षरांकन हे त्या एका नावापुरते रेखाटलेले असते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची जी नावे रेखाटली, त्यांतील एका नावातले अक्षर उचलून दुसऱ्या नावात बसवता येत नाही, इतके ते त्या नावाचे असते. टंकाचे मात्र तसे नाही. त्यातील प्रत्येक अक्षराला कोणत्याही अक्षराशेजारी उभे राहावे लागते. म्हणून सुलेखनी टंक घडवणे हे फार अवघड काम आहे, आणि ते वापरणाऱ्यावरही काही जबाबदारी टाकून जाते.

‘अंबाबाई’ हेच नाव पुन्हा घेऊ. त्यात ‘बा’ लागोपाठ दोनदा येतो. सुलेखनकार हे नाव लिहील, तेव्हा पहिल्या ‘बा’चा काना आखूड ठेवील, दुसऱ्याचा थोडा खाली उतरवील आणि ‘ई’ची वरची शेंडी मागे वळवून शब्दाला आवळून घेईल. टंकात मात्र दोन्ही ‘बा’ जुळे निघतात, आणि फटकारा जितका जोरकस, तितके ते जुळेपण अधिक उघडे पडते. चांगल्या टंकात यासाठी एकाच अक्षराची, कान्याची किंवा वेलांटीची दोन-तीन पर्यायी रूपे दिलेली असतात. ती कुठे वापरायची, हे जुळणी करणाऱ्याला पाहावे लागते. आपल्याकडे ती पाहिलीच जात नाहीत. शब्द टंकलिखित करायचा, रंग भरायचा आणि छापायला सोडायचा, एवढ्यात काम उरकते.

‘कोल्हापूर’ या शब्दाकडे पाहा. पहिल्या अक्षरावर मात्रा आहे, शेवटून दुसऱ्या अक्षराखाली दीर्घ ऊकार आहे. म्हणजे शब्दाचे वजन वर डावीकडे आणि खाली उजवीकडे असे तिरके वाटले गेले आहे. मधला ‘ल्हा’ हा जोडाक्षराचा सांधा त्या दोहोंना धरून ठेवतो. ऊकाराची शेपटी र च्या खालून पुढे नेली आणि मात्रा थोडी मागे झुकवली, की हे नाव सहा-सात फुटांच्या पाटीवर असे बसते की दुसऱ्या कोणत्याही सजावटीची गरज राहत नाही. आपल्या पेठांतील जुन्या पेंटरांना हे कोणी शिकवावे लागत नव्हते. चपट्या ब्रशने पाटी रंगवताना ते आधी खडूने शिरोरेषा आखत, मग मात्रेची आणि उकाराची जागा राखत, आणि नंतरच अक्षराला हात घालत. ज्या शहराने बाबुराव मेस्त्रींना (१८९०–१९५४) ‘पेंटर’ हेच आडनाव बहाल केले, त्या शहरात अक्षर रंगवण्याच्या कलेला मान होता, हे वेगळे सांगायला नको. तालमींच्या दारांवर आणि मंडळांच्या फलकांवर त्या हातांची काही कामे अजून शिल्लक आहेत. ती पुसून त्यावर फ्लेक्स लावण्यापूर्वी त्यांची नीट छायाचित्रे तरी घेतली जावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चांगले सुलेखनी आणि प्रदर्शनी, म्हणजे मोठ्या शीर्षकांसाठीचे, टंक आज उपलब्ध नाहीत, अशी तक्रार मात्र कोणी करू नये. कॅथरीन ली श्मिट यांनी घडवलेला ‘यात्रा वन’ हा टंक भारतीय रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला आहे. चपट्या ब्रशचा कोन त्यात स्पष्ट दिसतो, अक्षर भरदार आहे, आणि त्यासोबतची रोमन अक्षरे देवनागरीला जुळवून काढलेली आहेत. हा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक ठिकाणी देवनागरीला रोमनच्या मापात कोंबलेले असते. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘जैनी’ हा दुसरा टंक १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या जैन हस्तलिखितातील लेखनशैलीवर आधारलेला आहे. त्याची दोन रूपे आहेत: ‘जैनी’मध्ये अक्षरांची घडण आजच्या वाचकाच्या ओळखीची ठेवली आहे, तर ‘जैनी पूर्व’मध्ये ती जुन्या पद्धतीची आहे. मंदिराच्या नावासाठी, पोथीविषयक प्रदर्शनाच्या शीर्षकासाठी किंवा ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी याहून समर्पक अक्षर शोधावे लागेल. हे दोन्ही टंक मुक्त परवान्याखाली मिळतात, व्यावसायिक कामालाही विनामूल्य वापरता येतात आणि युनिकोडमध्ये आहेत. असे असताना कुठून तरी नकलून आणलेले, मोडक्या जोडाक्षरांचे टंक वापरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

किल्ल्यांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. शिवकाळाचे नाव निघाले की भगव्या पार्श्वभूमीवर कोरड्या ब्रशचे, कडा फाटलेले, शिंतोडे उडालेले अक्षर वापरण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्यामागची भावना मला मान्य आहे, तिचा आदरही आहे. परंतु त्या काळचा दफ्तरी व्यवहार मोडी लिपीत चालत असे, आणि बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षर पोथ्यांत व राजमुद्रेसारख्या ठिकाणी येत असे. ते बोरूचे, शाईने भरलेले, आखीव अक्षर होते. फाटक्या कडांचा त्या काळाशी काही संबंध नाही. महाराजांच्या मुद्रेवरील अक्षरे किती शांत आणि नेटकी आहेत, हे एकदा डोळे भरून पाहावे. गडाच्या फलकांना शिवकाळाचा स्पर्श द्यायचा असेल, तर तो त्या नेटकेपणातून द्यावा. फाटक्या कडांची व्यावहारिक अडचणही आहे. व्हिनाइल कापणाऱ्या प्लॉटरच्या पात्याला असंख्य बारीक वळणे घ्यावी लागतात, कागद सोलताना तुकडे निघून येतात आणि पहिल्या पावसाळ्यातच अक्षराच्या कडा सुटू लागतात. पन्हाळ्याचा पाऊस आणि वारा ज्याला माहीत आहे, त्याला याहून अधिक सांगायला नको.

धातूच्या किंवा ॲक्रिलिकच्या पत्र्यातून अक्षरे कापून बसवायची असतील, तर देवनागरीसारखी सोयीची लिपी नाही. शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द एका तुकड्यात निघतो. अनुस्वारासारखा सुटा ठिपका तेवढा वेगळा बसवावा लागतो. अनेक सुलेखनी टंकांत शिरोरेषा तुटक असते किंवा नसतेच. तसे अक्षर कापले की शब्दाचे सुटे तुकडे होतात, आणि पुढे त्यातला एखादा गळून पडला की नाव विद्रूप होते. शिरोरेषा नसण्याची आणखीही किंमत मोजावी लागते. भ आणि म, ध आणि घ यांच्यातील फरक बराचसा शिरोरेषेतील खंडावर ओळखला जातो. रेषाच काढून टाकली, तर तो फरक एका लहानशा गाठीवर येऊन उभा राहतो आणि लांबून ती गाठ दिसत नाही. सुलेखनकार कागदावर शिरोरेषा टाळतो, तेव्हा तो हा फरक अन्य मार्गाने राखतो. तयार टंक घेणाऱ्याने निदान हा फरक टिकला आहे की नाही, एवढे तरी तपासावे.

जुळणी करताना होणाऱ्या दोन गैरप्रकारांबद्दल मी थोडक्यात लिहितो. पाटी अरुंद आहे म्हणून शब्द दोन्ही बाजूंनी दाबला जातो. त्यामुळे काना आणि उभे दंड बारीक होतात, शिरोरेषेची जाडी मात्र तशीच राहते, आणि बोरूच्या कोनाने आलेले जाड-बारीक खोटे ठरते. टंक बसत नसेल, तर अरुंद घडणीचा दुसरा टंक निवडावा. दुसरा प्रकार अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याचा. रोमन अक्षरे लांब-लांब ठेवलेली शोभतात, म्हणून देवनागरीचीही तशी ठेवली जातात आणि शिरोरेषेला जागोजागी भगदाडे पडतात. दिसते ती गंजलेली जाळी.

टंक निवडताना मी ग्राहकांसमोर काही शब्द लावून दाखवतो, ते येथे देतो, कारण ते कोणालाही पडताळून पाहता येतील. ‘पन्हाळा’ आणि ‘रंकाळा’ लावावेत, म्हणजे ळ मनापासून घडवला आहे की उगाच भरतीला ठेवला आहे, ते कळते. ‘शेतकऱ्यांचा’ लावावा; त्यातला अर्धा र पापणीसारखा आडवा यायला हवा, तो रफार होऊन य च्या डोक्यावर चढला की मराठी बिघडली. ‘ॲकॅडमी’ लावावा, कारण आपल्या शहरात या पाट्या गल्लोगल्ली आहेत. पुष्कळ टंकांत ॲ हे अक्षरच नसते, मग संगणक ते दुसऱ्या टंकातून उसने आणतो आणि फटकारेदार नावाच्या आरंभी एक किडकिडीत परके अक्षर येऊन बसते. ‘शाहू’ आणि ‘लक्ष्मी’ यांतील श आणि ल मराठी वळणाचे आहेत की हिंदी, तेही पाहावे. दोन पाकळ्यांचा ल आपला आणि शेवटी उभा दंड घेऊन येणारा हिंदीचा. संगणकाच्या दृष्टीने दोहोंचा सांकेतिक क्रमांक एकच असल्यामुळे मराठी रूप टंकात दिलेले असावे लागते आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी लागते. फलकावर आकडे असतील, तर १ आणि ९ शेजारी-शेजारी लावून पाहावेत. सुलेखनी टंकात हे दोन आकडे सख्ख्या भावंडांहून जवळचे होतात, आणि त्याच टंकात दूरध्वनी क्रमांक छापला तर फोन भलत्याकडे जातो.

दुकानांच्या पाट्यांबाबत राज्याने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मराठी देवनागरी नाव सक्तीचे केले आणि ते अन्य लिपीतील नावापेक्षा लहान असू नये, असेही ठरवले. हा निर्णय अत्यंत योग्य होता. आकाराची अट पाळली जाते आहे. पण इंग्रजी नाव कंपनीने ठरवून दिलेल्या सुबक अक्षरात आणि त्याच्या शेजारचे मराठी नाव हाताला लागेल त्या टंकात, हे दृश्य महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत दिसते. व्यापारी बांधवांना माझे सांगणे आहे की, नाव एकदाच करायचे असते. त्यासाठी सुलेखनकाराकडून किंवा चांगल्या पेंटरकडून ते एकदा नीट रेखाटून घ्यावे. त्याचा खर्च पाटीच्या दिव्यांच्या खर्चापुढे काहीच नसतो. चपलांची, गुळाची, साजाची ख्याती ज्या गावाने हाताच्या कामावर मिळवली, तेथे दुकानाचे नावही हाताचे असावे.

आता पन्हाळ्याविषयी. गडाच्या नावाचा, दरवाजांच्या आणि वास्तूंच्या नावांचा जो काही मोठा ठसा उमटवायचा असेल, तो जिल्ह्यातील सुलेखनकार आणि जुने फलकचित्रकार यांना बोलावून, प्रत्येक नाव स्वतंत्र रेखाटून घेऊन उमटवावा. तेवढे शक्य नसेल, तर एकच चांगला सुलेखनी टंक निवडून तो केवळ नावांना वापरावा. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी या नावांना ते वळण शोभून दिसेल. माहितीचा मजकूर, दिशा, अंतरे, सूचना आणि सर्व आकडे मात्र साध्या मजकुराच्या टंकात असावेत. ‘एक टाइप’चाच ‘मुक्त’ हा टंक सात जाडींत विनामूल्य मिळतो; पारंपरिक धाटणीचे अक्षर हवे असेल, तर मराठी वळणाची अक्षरे असलेला ‘टिरो देवनागरी मराठी’ आहे. ओळींमधील अंतर इंग्रजीच्या हिशेबाने न ठेवता वरची मात्रा आणि खालचा उकार यांना जागा देऊन ठेवावे. आणि कोणताही फलक दगडावर किंवा धातूवर उतरवण्यापूर्वी तो पूर्ण आकारात कागदावर छापून प्रत्यक्ष जागेवर लावावा, दुपारच्या उन्हात आणि पावसाळी अंधारात पाहावा, आणि गडावर राहणाऱ्या चौथी-पाचवीतल्या मुलांकडून व वयस्कर माणसांकडून तो वाटेवर उभे राहून मोठ्याने वाचून घ्यावा. जेथे ते अडखळतील, तेथे अक्षर बदलावे.

आपला विश्वासू,
एक मुद्रक वाचक
शाहूपुरी, कोल्हापूर